गाडी‘चे’ चाक

अकोटच्या एखाद्या चौकात एमएच ३० च्या पाटीची फोक्सवॅगन पोलो उभी आहे असे समजू. गाडी साध्या मॉडेलची, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पायात चौदा इंची लोखंडी डिस्क होती आणि वर प्लास्टिकची व्हीलकॅप. आज तिला सोळा इंची मॅगव्हील आहेत. ती बाजारातली नकली नाहीत. त्याच कंपनीने, त्याच गाडीच्या वरच्या, जास्त चपळ मॉडेलसाठी ओतलेली आहेत. पाहणारा विचारतो, “ओरिजिनल आहेत का?” मालक म्हणतो, “कंपनीची आहेत.” दोघांचेही समाधान होते. पण प्रश्न विचारला गेला एकाबद्दल आणि उत्तर मिळाले दुसऱ्याबद्दल. चाक कंपनीचे आहे, गाडीही कंपनीचीच आहे. पण ते चाक या गाडीचे आहे का? ‘गाडीचे चाक’ या दोन शब्दांत सगळा प्रश्न त्या मधल्या ‘चे’मध्ये अडकलेला आहे. आपल्या व्याकरणात हा षष्ठीचा प्रत्यय. बाकीच्या विभक्त्या क्रियेशी नाते सांगतात, षष्ठी मात्र एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूशी असलेले नाते सांगते आणि ते नाते कसले, हे उघड करत नाही. ते उघड करायचे काम दर्शनशास्त्रांनी केले, आणि योगायोग असा की त्यांतल्या काहींनीही उदाहरणाला रथच घेतला. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की वस्तूचे खरेपण तिच्या जन्मात नसते, ती जिथे बसते त्या जोडात असते. आणि जोड एकदा जुळवून सोडून देता येत नाही, तो राखावा लागतो.

आधी चाकाकडे जवळून पाहू, कारण तत्त्वज्ञानाची बरीचशी फसगत वस्तू लांबून पाहिल्याने होते. चाक गाडीला लागते ते हबवर. पोलोच्या हबवर पाच बोल्टांची जागा आहे, आणि त्या पाचांच्या मध्यांतून वर्तुळ काढले तर त्याचा व्यास १०० मिलिमीटर भरतो. गॅरेजमध्ये याला पीसीडी म्हणतात. चाकाच्या मधोमध जे भोक असते ते ५७.१ मिलिमीटरचे. चाकणला तयार झालेल्या पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या तिघींची ही मापे एकच आहेत, म्हणून एकीचे चाक दुसरीला तंटा न करता लागते. रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटोची गोष्ट वेगळी. तिची विंचवाच्या चिन्हाची अबार्थ आवृत्ती २०१५ मध्ये आली; तिची चाके देखणी, पण बोल्ट चार आणि वर्तुळ ९८ मिलिमीटरचे. स्विफ्टलाही बोल्ट चारच, पण वर्तुळ १०० चे. आता स्विफ्टचे चाक पोलोला लावू गेले तर ते लागतच नाही. चार भोके पाच जागांवर येत नाहीत आणि विषय तिथेच संपतो. पुंटोचे चाक स्विफ्टला लावू गेले तर फरक फक्त दोन मिलिमीटरचा. थोडी जबरदस्ती केली की आटे धरतात, चाक लागल्यासारखे दिसते, आणि मध्यापासून किंचित सरकलेल्या त्या चाकाचा सगळा ताण तिरप्या झालेल्या बोल्टांवर येतो. जे चाक मुळीच बसत नाही ते प्रामाणिक असते. घात करते ते जवळजवळ बसणारे.

आता रथांकडे वळू. कठोपनिषदातला रथ सर्वांच्या ओळखीचा आहे. तिथे शरीर हा रथ, आत्मा त्यातला स्वामी, बुद्धी सारथी, मन हे लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे त्यांचे रस्ते. या रथात मालकी कोणाची याबद्दल शंका नाही. आत बसलेला आहे म्हणून रथ त्याचा. दुसरा रथ ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो, महाराज, ज्यातून आलात तो रथ दाखवा. दांडी हा रथ का? आस हा रथ का? चाके, साटा, जू, लगाम, यांतले कोणते रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळे मिळून रथ? तेही नाही. या सगळ्यांच्या बाहेर रथ आहे? तेही नाही. शेवटी राजालाच कबूल करावे लागते की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. महाराष्ट्राला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले त्याला या राजाचे नाव मिळाले आणि भोवतालच्या परिसराला नागसेनाचे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही तिथे शेजारी नांदतात. पण दोन्ही रथ शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कठोपनिषदाने स्वामी, सारथी, लगाम, घोडे, रस्ते सगळे मोजले, चाक मात्र मोजले नाही. नागसेनाने चाक मोजले, पण ते आसाला कसे लागते हे विचारले नाही. एकाने रथ आसनावरून पाहिला, दुसऱ्याने सुटे भाग जमिनीवर मांडून. चाक आणि आस जिथे भेटतात ती जागा दोघांच्याही नजरेतून सुटली.

तिसरा पक्ष नैयायिकांचा. त्यांचे नेहमीचे उदाहरण रथाचे नाही, सुताचे आणि कापडाचे आहे, आणि अकोटला ते अधिक जवळचे. इथल्या सतरंज्यांचे नाव इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांतही सापडते. न्याय-वैशेषिकांच्या मते सतरंजी म्हणजे सुतांचा ढीग नव्हे आणि ढिगाला दिलेले नुसते नावही नव्हे. अवयवांहून निराळा असा एक ‘अवयवी’ तिथे खरोखर उत्पन्न होतो आणि तो समवाय नावाच्या संबंधाने सुतांत राहतो. याची किंमत त्यांनी प्रामाणिकपणे मोजली. एक सूत ओढून काढले तर जुने कापड नष्ट झाले आणि नवे उत्पन्न झाले असे म्हणायला ते कचरत नाहीत. ‘ही तीच सतरंजी’ ही आपली ओळख साम्यामुळे होते, एवढेच ते म्हणतात. हा हिशोब गाडीला लावला तर पंक्चर काढायला चाक खोलले की गाडी मेली आणि स्टेपनी लावली की नवी जन्मली. रस्त्यावर असे कोणी मानत नाही. उलट स्टेपनीचा अनुभव काही वेगळेच शिकवतो. चार मॅगव्हीलच्या गाडीतही डिकीतली पाचवी बहुतेक वेळा साध्या लोखंडी डिस्कचीच असते. रूपाने ती चौघींहून निराळी, वर्षानुवर्षे भार न उचललेली. तरी अडचणीच्या वेळी ती हबवर चढली की त्या क्षणापासून ती गाडीचे चाक. तिचे ‘चे’ डिकीत असताना कागदावर होते. हबवर चढल्यावर ते खरे झाले. म्हणजे नागसेन बरोबर आहे की गाडी नावाचा वेगळा दगड कुठे सापडत नाही, आणि नैयायिक बरोबर आहेत की सुट्या भागांच्या ढिगात नसलेले काही गाडीत असते. ते ‘काही’ म्हणजे जोड. मराठीने हे आपल्या क्रियापदातच ओळखले आहे. चाक बसते, घडी बसते, जम बसतो, सूर बसतो. आणि नीट झाले नाही तर ‘काही बसत नाही’ असे आपण म्हणतो.

जोडातच खरेपण आहे असे का म्हणायचे, याचा सर्वांत चांगला पुरावा एका बोल्टात आहे. फोक्सवॅगन घराण्याच्या कारखानी चाकांत बोल्टाची बैठक गोलसर असते, वाटीसारखी, आणि तिच्यात बसणाऱ्या बोल्टाचा खांदाही तसाच गोल. बाजारातली बहुतेक मॅगव्हील शंकूच्या आकाराचा खांदा मागतात. आता असे समजा की बाहेरची चाके काढून पुन्हा कंपनीची चाके लावली, पण बोल्ट शंकूचेच राहिले. बोल्ट जातिवंत पोलादाचा आहे, चाक अस्सल आहे, आटे जुळतात, मापाचा पाना लावला तर तो ठरल्या १२० न्यूटन-मीटरला टक् करून सांगतोही की झाले. हाताला घट्ट लागते. प्रत्यक्षात शंकू वाटीला टेकलेला असतो तो केसाएवढ्या कड्यावर. बाकी बैठक पोकळ. गतिरोधक आणि खड्डे यांचे हादरे बसत गेले की ते कडे झिजते आणि घट्टपणा निघून जातो. इथे प्रत्येक वस्तूची जन्मपत्रिका स्वच्छ आहे आणि तरी सगळे मिळून खोटे आहे. ‘कंपनीचे’ हा शब्द वस्तूच्या कुळाबद्दल बोलतो, तिच्या वागण्याबद्दल नाही. कुळावरून माणसाची किंमत करण्याची सवय ज्या समाजाने शतकानुशतके जोपासली, त्याला चाकाची किंमतही कुळावरून करावीशी वाटावी यात नवल नाही. पण त्याच समाजात उलटी साक्षही आहे. अकोटचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते ते नरसिंग महाराज; दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात ते कोतशा अल्ली यांचे शिष्य म्हणून येतात आणि शेगावचे गजानन महाराज त्यांना बंधू मानून भेटायला जातात. गुरूचे घराणे कोणते, हे विचारून गावाने त्यांना आपले म्हटले नाही. त्यांची साधना लोकांच्या श्रद्धेत बसली, आणि बसली म्हणून ते अकोटचे झाले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जन्म गौण आणि जोड मुख्य, तर मग नकली चाकाने काय घोडे मारले? मापे जुळली की झाले. उत्तर असे की जन्म हे खरेपण नसले तरी तो खरेपणाचा पुरावा असू शकतो, आणि पुरावा फेकून देण्याची वस्तू नाही. आपल्या प्रमाणशास्त्रात विश्वासू माणसाच्या शब्दाला प्रमाण मानले आहे. तो आप्त आहे म्हणून, म्हणजे त्याला विषय माहीत आहे आणि फसवायचे कारण नाही म्हणून. कारखान्याचा शिक्का हे असे आप्तवाक्य आहे. मॅगव्हील तपासताना वळणावर येणारा ताण लाखो फेऱ्यांपर्यंत देऊन पाहतात, वरून भार देऊन ते फिरवत ठेवतात, कडेवर वजन आदळून तडा जातो का बघतात. पुण्यात १९६६ पासून चालू असलेली एआरएआय ही संस्था अशाच परीक्षांसाठी आहे. चौकात उभे राहून डोळ्यांनी हे कोणालाच पाहता येत नाही. ओतीव धातूतली पोकळी रंगाखाली झाकलेली असते, आणि लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते तिथे असे चाक सरळ तडकते. म्हणून शिक्क्याला मान आहे. पण आप्तवाक्याला एक मर्यादा आहे: ते ज्या विषयाबद्दल बोलले तेवढ्यापुरतेच ते प्रमाण. शिक्का सांगतो की हे चाक इतका भार सोसेल. ते तुमच्या हबवर, तुमच्या बोल्टाने, तुमच्या मडगार्डखाली नीट बसले आहे, हे शिक्का सांगत नाही. सांगू शकत नाही. ती साक्ष जोडाचीच काढावी लागते.

चाकाचा जोड फक्त हबशी नाही. दुसरा जोड मीटरशी आहे, आणि तिथे प्रश्न सुरक्षेचा उरत नाही, सत्याचा होतो. पोलोच्या काही मॉडेलांना १८५/६० आर १५ या मापाचे टायर येत. त्याचा व्यास काढला तर ६०३ मिलिमीटर भरतो. १९५/५५ आर १६ लावले तर तो ६२१ च्या जवळ जातो. फरक तीन टक्क्यांचा, डोळ्याला न दिसणारा. पण मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यात किती रस्ता जातो हे कारखान्याने त्याला एकदाच सांगून ठेवलेले असते. अकोला ते अकोट हे अंतर साधारण ४५ किलोमीटर धरले तर पहिले चाक त्यात सुमारे २३,७५० फेरे घेते आणि दुसरे सुमारे २३,०७०. मधले ६८० फेरे कुठे गेले, याची नोंद मीटरला नाही. मीटरला पुन्हा नवे माप शिकवले नाही, तर तो ४५ ला पावणेचव्वेचाळीस म्हणत राहतो, आणि १०० चा वेग प्रत्यक्षात १०३ असतो. इथे कोणी खोटे बोललेले नाही, तरी खोटे बोलले जात आहे, रोज, प्रत्येक फेऱ्याला. महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. द्रोणांसमोर अश्वत्थामा माणूस की हत्ती हे त्याने गुळमुळीत ठेवले आणि चाके जमिनीला टेकली. कवीने असत्याचे माप चाकाच्या उंचीत दिले आहे. या गाडीत तर आस नऊ मिलिमीटरने उंच होऊनच असत्य सुरू होते. शब्दाशब्दाने सत्य असलेले वाक्य जसे एकूण मिळून खोटे ठरू शकते, तसे भागाभागाने अस्सल असलेले चाकही मोजणीत खोटे ठरू शकते. म्हणून चाक बदलणाऱ्यावर दुसरी जबाबदारी येते: ज्याच्या मोजणीचा आधार आपण हलवला, त्याला ते सांगणे. मग तो मीटर असो, की उद्या ती गाडी विकत घेणारा माणूस.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले कलम ५२ वाहनात मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असा बदल चालणार नाही. मग जोडाचे तत्त्वज्ञान कशाला? कारखान्याने ठरवले तेच अंतिम. पण कायद्याची भाषा नीट वाचली तर ती नागसेनाच्याच वाटेने चालताना दिसते. बदल म्हणजे काय, हे सांगताना कायदा म्हणतो की वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. मूलभूत काय आणि वरवरचे काय, हा दर्शनांचा जुना प्रश्न इथे परिवहन कार्यालयाच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. नोंदणीच्या कागदावर चासीचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो, रंग असतो, आसने असतात. चाकाला पाच आरे आहेत की दहा, हे नसते. म्हणजे कायद्यालाही गाडीचा प्रत्येक भाग म्हणजे गाडी असे वाटत नाही. त्याची काळजी वेगळी आहे. रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमचे चाक मान्य आहे का, हे कोणी विचारलेले नसते. उत्पादकाने त्या गाडीसाठी मंजूर केलेल्या मापाच्या बाहेर जाऊन, मडगार्डातून बाहेर डोकावणारे चाक लावले तर धोका त्या न विचारलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. म्हणून कायदा हा जोडाला विरोध नाही. तोही एक जोडच आहे, गाडी आणि अनोळखी माणूस यांच्यामधला. फक्त ज्याची संमती घेता येत नाही त्याच्या वतीने तो आधीच बोलून ठेवतो.

तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे, आणि वऱ्हाडात तो हमखास निघतो. ज्या मुलखात कापसाच्या भावावर घराचे वर्ष ठरते, जिथे गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन डामडौलावर आसूड ओढला आणि तुकडोजी महाराजांनी गावाला साधेपणाचा पाठ दिला, तिथे सोळा इंची चाकांचे तत्त्वज्ञान ही चैन नाही का? मोहाला शास्त्राची झूल कशाला? या आक्षेपातले निम्मे मान्य करायलाच हवे. चौदा इंची टायरच्या भिंतीची उंची १२२ मिलिमीटरच्या घरात असते. सोळा इंचीची १०७. म्हणजे खड्डा आणि धातू यांच्यामधली पंधरा मिलिमीटरची गादी आपण शोभेसाठी देऊन टाकतो, तीही काळ्या मातीवरच्या, दर पावसाळ्यात खचणाऱ्या रस्त्यांवर. पण शोभा म्हणजेच ढोंग, हे मान्य करता येत नाही. याच मुलखात पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, बेगड लागते, झूल चढते. साधेपणाचा कट्टर पुरस्कर्ताही त्याला ढोंग म्हणत नाही. कारण आदल्या दिवशी खांदशेकणी झालेली असते. जिथे वर्षभर जू बसले, त्या खांद्याला तूप-हळद लावून शेक दिलेला असतो. आधी खांदा, मग शृंगार, हा क्रम आहे. जोडाची सेवा करून आलेली शोभा ही कृतज्ञता. जोड झाकण्यासाठी आलेली शोभा हे ढोंग. याच कसोटीवर चाक आणि बिल्ला यांतला फरकही कळतो. वरच्या मॉडेलचे चाक साध्या गाडीला लावले तर ते चाक निदान भार उचलते. तिच्या पाठीवर त्या मॉडेलची ‘जीटी’ अक्षरे चिकटवली तर ती अक्षरे काहीच उचलत नाहीत, फक्त बोलतात, आणि जे बोलतात ते तसे नसते.

चौथा आक्षेप शास्त्र जाणणाऱ्या पंडिताचा. जोड म्हणजे तरी काय? तोही एक पदार्थच असेल तर चाकाला जोडाशी जोडणारा दुसरा जोड लागेल, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही. नैयायिकांच्या समवायावर शंकराचार्यांनी हाच अनवस्थेचा दोष दाखवला होता. आक्षेप जबर आहे आणि जोडाला आणखी एक वस्तू मानणाऱ्याला तो मोडून टाकतो. पण इथे जोड ही वस्तू मानलेली नाही. हब, बोल्ट आणि चाक यांच्याशिवाय चौथे काही तिथे सापडणार नाही, हे नागसेनाचे म्हणणे तसेच उभे आहे. जोड म्हणजे या तिघांनी एकमेकांचा भार पेलत राहणे. ती क्रिया आहे. तिला धरून ठेवायला दुसरा दोर लागत नाही, ती चालू ठेवावी लागते. म्हणून जोडाबद्दल ‘तो कुठे आहे’ हा प्रश्न फसतो आणि ‘तो अजून टिकला आहे का’ हा प्रश्न लागू पडतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन मोकळे होता येते. दुसऱ्याचे पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

हे चाकापुरते नाही, हे दाखवणाऱ्या दोन घटना वऱ्हाडाच्या आठवणीत आहेत. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याकडे जाणारी गाडी मीटरगेजची होती. रुळांमधले अंतर एक मीटर. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट गाडी पुन्हा धावली ती ब्रॉडगेजवर, १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर. गावे तीच, नाव तेच. पण जुन्या गाडीला नवी चाके लावून हे झाले नसते. चाकाचे माप बदलायचे तर रूळ उखडावे लागले, भराव आणि पूल नव्याने करावे लागले, गावाला पाच-सहा वर्षे गाडीविना काढावी लागली. बदल खरा असेल तर त्याची किंमत जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजावी लागते. दुसरी घटना याहून मोठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली. धम्माचे चक्र अडीच हजार वर्षांपूर्वीचे, त्याच्या अस्सलपणाला कोणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. तरी बाबासाहेब नुसते चक्र हाती देऊन थांबले नाहीत; त्यासोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. काय मानणार नाही, कशाची पूजा करणार नाही, कसे वागणार, व्यसन करणार नाही, अशा रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या प्रतिज्ञा. त्या प्रतिज्ञा म्हणजे बोल्ट होते. त्यांच्याशिवाय नाव बदलले असते, चाक बसले नसते. धर्म कुठला हे जन्म सांगतो. धर्म कोणाचा झाला, हे असा जोडच सांगतो.

मग त्या चौकातल्या पोलोच्या मालकाने काय उत्तर द्यायला हवे होते? ‘कंपनीची आहेत’ हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. पुरे उत्तर लांब आहे: बोल्टांची बैठक जुळवली, माप या गाडीला मंजूर आहे हे पाहिले, मीटरला नवे माप सांगितले, गाडी विकताना हे लपवणार नाही. हे सगळे म्हणता आले तर ती चाके त्या गाडीची झाली, वरच्या मॉडेलसाठी जन्मली असली तरी. आणि इतके करूनही एक काम उरते, ते कुठलाही चांगला मिस्त्री आठवणीने सांगतो. चाके नवी लावली की पन्नास-शंभर किलोमीटर चालवून गाडी परत आणायची आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा कसून घ्यायचा, कारण धातू धातूशी बसायला थोडा रस्ता लागतो. अकोल्याला चाके बदलून अकोटला जाऊन परत आले की बरोबर तेवढे अंतर भरते. मीटर त्यातले अडीच-तीन किलोमीटर कमी दाखवत असेल, तर पान्याच्या आधी तोच दुरुस्त करावा.